आपण कोण? – विनोदाच्या वाटेने एक विचार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हे भाषण आता स्मरणिकेत छापले जात आहे. सभागृहात टाळ्या पडतात आणि चुका झाकल्या जातात. छापल्यावर तशी सोय राहत नाही. म्हणून जे बोललो ते थोडे नीट मांडून लिहिले आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी एक प्रयोग केला. मुलांना अर्धा कागद दिला आणि सांगितले, "भारतीय म्हणजे कोण, हे एका वाक्यात लिहा. निबंध नको, भाषण नको, एकच वाक्य." मला वाटले होते की मुले पाठ्यपुस्तकातली वाक्ये लिहितील. काहींनी तशी लिहिलीही. विविधतेत एकता हे वाक्य तर सात-आठ कागदांवर एकाच अक्षरात आल्यासारखे होते. आमच्या वर्गातली एकता मला तिथे दिसली.

पण काही मुलांनी डोके चालवले होते. एकाने लिहिले होते, "जो लायनीत मध्येच घुसतो तो भारतीय, आणि घुसणाऱ्यावर जो ओरडतो तोही भारतीय." एका मुलीने लिहिले, "ज्याच्या घरी पाहुणा निघाल्यावर दारात अर्धा तास गप्पा होतात तो भारतीय." आणखी एकाचे वाक्य होते, "लाइट गेली की जो आधी शेजाऱ्याची गेली का ते पाहतो." ही वाक्ये मी मोठ्याने वाचली आणि सारा वर्ग हसला. मी हसलो. सुभाषिते वाचली तेव्हा कोणीच हसले नव्हते, आणि खरे सांगायचे तर कोणी ऐकलेही नव्हते.

त्या गठ्ठ्यात एक कागद कोरा होता. मुलगा हुशार, एरवी वर्गात बोलका. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि विचारले, "तुला काहीच सुचलं नाही का रे?" तो म्हणाला, "सुचलं होतं सर. पण गमतीचं सुचलं होतं. घरी अब्बांनी सांगितलंय, देशाच्या बाबतीत मस्करी नक्को. दुसऱ्यांचं चालून जातं, आपल्याला परवडत नाही."

मित्रहो, त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आजचे माझे हे भाषण म्हणजे त्या कोऱ्या कागदाला दिलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम हे पाहू, की 'आपण कोण' हा प्रश्न एका वाक्यात सुटतो का? मोठमोठ्यांना तो सुटलेला नाही. कोणी म्हणतात, भाषा ही राष्ट्राची खूण. मग आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत त्यांचे काय? घटना लागू झाली तेव्हा त्या चौदा होत्या, आणि त्या पहिल्या चौदांत मराठीही होती आणि उर्दूही होती. कोणी म्हणतात, धर्म ही राष्ट्राची खूण. त्या पायावर १९४७ साली शेजारी एक देश उभा राहिला, आणि १९७१ साली त्याचेच दोन झाले, कारण बंगाली माणसाला धर्माइतकीच आपली भाषाही प्रिय होती. त्याच देशातला एक विनोदी लेखक, इब्ने इन्शा, त्याच सुमारास 'उर्दू की आखरी किताब' नावाचे पुस्तक लिहीत होता. शाळेच्या क्रमिक पुस्तकाचे ते विडंबन आहे. त्यातल्या एका धड्यात भोळे प्रश्न आणि भोळी उत्तरे येतात. अमक्या देशात कोण राहतात, तमक्या देशात कोण राहतात, याची उत्तरे झटपट मिळतात. पण स्वतःच्या देशाचा प्रश्न येतो तेव्हा प्रांतांची नावे पुढे येऊ लागतात आणि गुरुजींची पंचाईत होते. मोठमोठ्या ग्रंथांना जे सांगायला शेकडो पाने लागली, ते त्याने पोराच्या प्रश्नोत्तरात सांगून टाकले.

सआदत हसन मंटोंची 'टोबा टेकसिंग' ही कथा १९५५ साली प्रसिद्ध झाली. फाळणीनंतर दोन्ही सरकारे ठरवतात की वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांचीही धर्माप्रमाणे वाटणी करावी. लाहोरच्या इस्पितळात बिशनसिंग नावाचा म्हातारा आहे. त्याचा प्रश्न एकच, माझे गाव आता कोणत्या देशात आहे? शहाण्यांना उत्तर देता येत नाही. शेवटी तो दोन सरहद्दींच्या मधल्या जमिनीवर पडतो. ही कथा वाचताना माणूस पहिली काही पाने हसतो आणि शेवटच्या पानावर गप्प होतो. चांगल्या विनोदाची हीच परीक्षा आहे, असे मला वाटते.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत शहाणपणा केला. तिच्या उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी आहे. हे लोक कसे दिसतात, काय खातात, घरी कोणती भाषा बोलतात, याची व्याख्या तिने केली नाही. अनुच्छेद पाच ते अकरा नागरिकत्वाविषयी आहेत. त्यांतल्या पाचव्या अनुच्छेदात सारा हिशेब राहण्याचा आणि जन्माचा आहे. ज्याचे कायम वास्तव्य भारतात आहे आणि जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एकजण इथे जन्मला, किंवा जो त्यापूर्वी किमान पाच वर्षे इथे राहिला, तो घटनेच्या प्रारंभी नागरिक झाला. त्या यादीत चेहरा नाही, जेवण नाही आणि उच्चारही नाहीत. घटनाकारांनी राष्ट्राची व्याख्या केली नाही. दार कोठे आहे एवढेच सांगितले. आत शिरल्यावर कोण कसे बसतो, हे त्यांनी माणसांवर सोडले.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. या प्रश्नाची खरी गंमत आपल्या घरातच आहे.

माझे आजोबा १९३५च्या सुमारास या शहरात जन्मले. त्यांची पहिली शाळा निजामाच्या राजवटीत, उर्दूतून झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्याचे रहिवासी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आजोबा म्हणायचे, "मी गाव कधी सोडलं नाही, गावच फिरत राहिलं. एकाच घरात बसून चार राज्यं पाहिली, पण घरभाडं कोणत्याही राज्यात कमी झालं नाही." ते आज नाहीत. असते तर २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या फायलीतली सगळी कागदपत्रे काढून पत्त्यांची स्पर्धा लावली असती. १६१० साली मलिक अंबरने वसवली ती खडकी, १६२६ साली त्याच्या मुलाच्या नावावरून झाले फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावांवर मोठी माणसे वाद घालतात आणि त्यांची कारणे त्यांच्यापाशी असतात. मी फक्त एवढेच पाहतो, की प्रत्येक नावाखाली नळाला पाणी येण्याची वाट पाहणारा माणूस तोच राहिला.

आणि हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतल्या हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार पाहणारा. त्याने या शहराला नहरीचे पाणी दिले. याच निजामशाहीत, आपल्या वेरूळच्या भोसले घराण्यातले मालोजीराजे होते, शहाजीराजे होते. आता सांगा, या शहराच्या संस्थापकाला आपण विचारणार का, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि विचारलेच, तर तो बहुधा म्हणेल, "आधी पाणी प्या, मग बोलू."

आता भाषेचे पाहू. एकदा एका प्रशिक्षण शिबिरात मी पाच मिनिटे बोललो. नंतर एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अरे वा! तुमचं मराठी किती शुद्ध आहे! कुठे शिकलात?" मी म्हणालो, "जिथे तुम्ही शिकलात तिथेच, पहिलीच्या वर्गात." ते हसले, मी हसलो. माणूस चांगला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बसने परत येताना मला वाटत राहिले, की कौतुक पाहुण्याच्या मराठीचे करतात. घरच्या माणसाच्या मराठीचे कोणी कौतुक करत नाही. उलट चुका काढतात.

याच्या उलट अनुभवही ऐका. उत्तरेकडच्या एका लग्नात मी उर्दूत बोललो. तिथले एक वडीलधारे म्हणाले, "मियाँ, आप तो मराठी में उर्दू बोलते हैं." म्हणजे मराठीत गेलो तर मी उर्दूवाला आणि उर्दूत गेलो तर मराठीवाला. धोब्याच्या कुत्र्याची म्हण तुम्हाला ठाऊकच आहे, मी सांगत नाही.

पण त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे होते. आपल्या घरातली दखनी घ्या. आपण 'नक्को' म्हणतो. तो मराठीतला 'नको' आहे. आपण 'मैंइच', 'ऐसाच' म्हणतो. तो शेवटचा 'च' मराठीचा आहे. 'कायकू' मधला 'काय' मराठीचा आणि 'कू' दखनीचा. एकाच शब्दात दोन शेजारी भिंतीला भिंत लावून राहतात. आता मराठीकडून पाहा. कागद, शाई, वकील, जमीन, हजर, सरकार हे शब्द फारसी-अरबीतून आले. फडणवीस, चिटणीस, मुजुमदार, इनामदार ही आडनावे काढून पाहा. प्रत्येकात फारसीचा तुकडा आहे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, मराठी माणूस ज्याला 'मजा' म्हणतो तो शब्द फारसी, आणि 'मस्करी' म्हणतो तो मूळ अरबी. हसण्याचे शब्दच जर सामायिक असतील, तर हसणे वेगवेगळे कसे ठेवणार?

हे मी म्हणतो असे नाही. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथले संत एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते. एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत फकीर बोलतो, दरवेश बोलतो. आणि त्यांनी 'हिंदू-तुर्क संवाद' नावाची एक रचना केली. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क, म्हणजे मुसलमान, भांडतात. हिंदू मराठीत बोलतो आणि तुर्क आपल्या दखनी वळणात बोलतो, आणि मध्ये दुभाषी नाही. दोघेही एकमेकांच्या चालीरीतींवर अशी बोट ठेवणारी, टोचणारी थट्टा करतात की आज एखाद्याने तशी केली तर दोन मोर्चे निघतील. पण शेवटी काय होते? दोघांना कळते की आपण ज्याच्याविषयी भांडतो तो एकच आहे, आणि दोघे एकमेकांना मिठी मारतात.

मी ही रचना वर्गात शिकवताना मुलांना एक गोष्ट मुद्दाम दाखवतो. त्या भांडणात दोघांना बोलायची पाळी मिळते. एकजण बोलतच राहतो आणि दुसरा नुसता ऐकतो, असे नाही. हिंदूने टोमणा मारला की तुर्काचा येतो. म्हणून ती थट्टा कडू होत नाही. पाळी एकालाच असेल, तर तीच थट्टा छळ होते.

आता अलीकडचे उदाहरण घेतो. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर केलेली थट्टा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती वाचून तिन्ही गावचे लोक रागावले नाहीत, उलट कॉलर ताठ करून फिरू लागले. पण माझ्या मनात नेहमी येते, की त्या तिघांत आपण नाही. मराठवाड्याचा माणूस विकासाच्या यादीत मागे राहिला हे दुःख जुनेच, पण थट्टेच्या यादीतही आपला नंबर लागू नये? थट्टा करायलाही आधी माणूस ओळखीचा असावा लागतो.

ही उणीव आपल्याच शहराच्या एका प्राध्यापकाने भरून काढली. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे. त्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात मराठवाड्याच्या खेड्यातले वऱ्हाड लग्नाला थेट लंडनला निघते. बावन्न पात्रे आणि करणारा नट एक. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. देशपांडे २००९ साली गेले. पण त्यांनी जे केले ते विसरण्यासारखे नाही. ज्या बोलीला शहरी रंगमंचावर गावंढळ नोकराच्या तोंडी घालून हशा मिळवत असत, ती बोली त्यांनी नायकाच्या तोंडी दिली. लोक तेव्हाही हसलेच. पण आता हसणाऱ्यांत मराठवाड्याचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. हशा तोच, पण बसण्याची जागा बदलली. मित्रहो, सारा फरक तेवढाच आहे.

आपल्या दखनीला मात्र अजून तो दिवस आलेला नाही. एके काळी दखनी ही राजांची भाषा होती. हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीत काव्य करत असे. आपल्या औरंगाबादेत जन्मलेला वली दिल्लीला गेला आणि त्याचे काव्य ऐकून फारसीच्या मागे लागलेले दिल्लीचे कवी आपल्या बोलीकडे वळले. आणि आज? आज दखनी बहुतेकांना ठाऊक आहे ती विनोदाची भाषा म्हणून. १९६५च्या 'गुमनाम' चित्रपटात मेहमूदने ती खानसाम्याच्या तोंडी घातली आणि देशभर हशा पिकला. मेहमूद मोठा कलावंत होता, त्याचा दोष नाही. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब, हैदराबादचे गौस खामखाह यांच्यासारख्यांनी मुशायऱ्यात दखनी उभी केली आणि हसवता हसवता गरिबाचे रडणेही सांगितले. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ज्या भाषेत फक्त हसतात, त्या भाषेत मुले अर्ज लिहीत नाहीत, प्रेमपत्र लिहीत नाहीत आणि दुखवट्याचा ठरावही लिहीत नाहीत. आपली पोरे बाहेर दखनी बोलायला लाजतात ते यामुळे. विनोद हा घराचा झरोका आहे. घराला नुसता झरोकाच असेल आणि दार नसेल, तर त्या घरात राहायचे कसे?

म्हणून हसावे कसे आणि कोणावर, याचाही विचार हवा. १८५७च्या धामधुमीतला मिर्झा गालिब यांचा एक किस्सा मौलाना हालींनी लिहून ठेवला आहे. एका इंग्रज कर्नलापुढे मिर्झांना उभे केले. कर्नलाने विचारले, तुम्ही मुसलमान आहात काय? मिर्झा म्हणाले, अर्धा. म्हणजे काय? तर दारू पितो, पण डुक्कर खात नाही. कर्नल हसला आणि पुढचा प्रसंग टळला. त्यांच्या पिण्याचे समर्थन मी करत नाही, विद्यार्थ्यांनी तेवढा भाग सोडून द्यावा. पण पाहा, ज्या दिवसांत दिल्लीत एका नावावरून माणसाचे प्राण जात होते, त्या दिवशी या माणसाने ओळखीच्या प्रश्नाला हसून उत्तर दिले, आणि ते हसे स्वतःवर ओढून घेतले. दुबळ्या माणसापाशी अनेकदा एवढेच हत्यार असते.

स्वतःवर हसणे आणि दुसऱ्याला हसणे यांत मोठे अंतर आहे. खुशवंत सिंग स्वतः शीख होते आणि त्यांनी सरदारजींचे विनोद पुस्तकांत छापले. लोक त्यांच्याबरोबर हसले. पण तोच विनोद शाळेत एखाद्या एकट्या शीख मुलाभोवती दहाजण उभे राहून सांगतात, तेव्हा काय होते? अशा विनोदांवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २०१७ साली न्यायालयाने म्हटले की नागरिकांसाठी अशा नैतिक नियमांची चौकट न्यायालय घालून देऊ शकत नाही. बरोबरच आहे. हे काम न्यायालयाचे नाही. घराचे आणि शाळेचे आहे.

आणि आपल्या घरी तर हा नियम फार पूर्वी येऊन पोचला आहे. कुराण शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये, अकराव्या आयतीत, एका कौमेने दुसऱ्या कौमेची टवाळी करू नये, कदाचित ते लोक अधिक चांगले असतील, अशा आशयाची शिकवण आहे. वाईट टोपणनावांनी हाक मारू नये, असेही तिथेच आहे. पाहा, शब्द 'कौम' आहे. नेमका आजचा आपला विषय. ही आयत आपल्याला पाठ असते, आणि तरी आपण बिहारी मजुराच्या बोलण्याची नक्कल करतो, खेड्यातून आलेल्या पोराला टोपणनाव ठेवतो, एकमेकांच्या बिरादरीवरून टोमणे मारतो. आपल्याला कोणी हसले की दुखते. पण आपण हसतो तेव्हा ती 'गंमत' असते. हा हिशेब बरोबर नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मी वर्गात तीन प्रश्न सांगितले आहेत, ते इथेही सांगतो. विनोद करण्यापूर्वी मनात विचारा. पहिला प्रश्न, ज्याच्यावर विनोद आहे त्याच्या समोर मी तो सांगू शकेन का? दुसरा, त्याला उलट सांगायची पाळी मी देईन का, आणि तेव्हा मी हसेन का? तिसरा, मी वरच्या पायरीवरून खाली हसतो आहे, की खालच्या पायरीवरून वर? तिन्ही उत्तरे ठीक आली तर बिनधास्त सांगा. एक जरी चुकले तर तो विनोद गिळून टाका. पचतो, मी अनुभवाने सांगतो.

आता पालकांना दोन शब्द, आणि विशेषतः त्या कोऱ्या कागदाच्या वडिलांना. तुमची भीती मला समजते. ती हवेतून आलेली नाही. मीही त्याच गल्लीत राहतो. तोंडातून गेलेल्या एका वाक्याचे आज काय काय होऊ शकते, मोबाईलवर ते कोठे कोठे फिरते, हे तुम्ही पाहिले आहे. म्हणून तुम्ही पोराला जपता. यात तुमचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

पण एका गोष्टीचा विचार करा. पाहुणा दुसऱ्याच्या घरी जेवायला बसतो तेव्हा डाळ पातळ असली तरी "वा, वा" म्हणतो. घरचा मुलगा म्हणतो, "अम्मी, आज डाळीत पोहता येईल." अम्मी लाटणे उगारते, पण दुखावत नाही, कारण तिला ठाऊक असते की हा घरचा आहे, जाणार कुठे? थट्टा करण्याचा हक्क हा घरच्या माणसाचा हक्क आहे. आपण आपल्या मुलाला सांगतो की देशावर हसू नकोस, फक्त "वा, वा" म्हण. तेव्हा नकळत आपण त्याला काय शिकवतो? तू पाहुणा आहेस, हे शिकवतो. बाहेरच्या कोणी ते म्हटले तर आपण भांडतो. मग घरातच आपण ते का म्हणावे?

शिवाय देशावर हसणे म्हणजे देशाचा अपमान नव्हे. लायनीत घुसणाऱ्यावर जो मुलगा हसला, तो उद्या लायनीत उभा राहील, अशी मला आशा आहे. ज्याला आपल्या घरातली गळती दिसते तोच छत दुरुस्त करतो.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. चार दिवसांनी मी त्याला कागद परत दिला आणि म्हणालो, "वर्गात वाचणार नाही. फक्त मी वाचीन. लिही." त्याने लिहिले, "भारतीय म्हणजे असा माणूस, ज्याला विचारतात 'तुम्ही कुठले?', तो म्हणतो 'इथलाच', आणि विचारणारा म्हणतो, 'ते झालं हो, पण मूळचे?'"

मी शिक्षक खोलीत तो कागद हातात घेऊन हसलो, आणि मग बराच वेळ बसून राहिलो. शेजारी आमचे एक विदर्भातले सहकारी बसले होते. नाव न सांगता त्यांना वाक्य वाचून दाखवले. ते म्हणाले, "अहो, वीस वर्षं झाली मला इथे, अजून मलाही हेच विचारतात." म्हणजे पोराने स्वतःचे दुखणे लिहिले होते आणि ते सगळ्यांचे निघाले. त्याच्या आणि आमच्या सहकाऱ्यांच्या दुखण्याचे वजन सारखे नाही, हे मला कळते. 'मूळचे' हा शब्द एकाला चौकशी वाटतो आणि दुसऱ्याला कधीकधी दार दाखवल्यासारखा वाटतो. तरी एकाच वाक्यावर दोघे हसले. व्याख्या करून जे जमले नसते ते त्या हसण्याने थोडे जमले.

पालकसभेच्या दिवशी मुलाचे वडील आले. मुलाला विचारून मी त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग हळूच हसले आणि म्हणाले, "मेरेकू बी ऐसाच पूछते, सर." थोडे थांबून म्हणाले, "अच्छा लिखा. लेकिन दीवार पे मत लगाओ."

मी कागद भिंतीवर लावला नाही. वडिलांचा शब्द मोडणे मला योग्य वाटले नाही. या स्मरणिकेत लिहिण्यापूर्वी मात्र मी त्यांच्या घरी गेलो आणि परवानगी मागितली. ते म्हणाले, "छापा, पण नाव नको." म्हणून नाव नाही. माझी इच्छा एवढीच आहे, की हाच मुलगा दहा वर्षांनी असे एखादे वाक्य लिहील तेव्हा खाली आपले पूर्ण नाव लिहील, आणि ते वाचून कोणी त्याला "मूळचे कुठले?" असे विचारणार नाही. आणि विचारलेच, तर तो पहिल्यांदा हसेल आणि मग म्हणेल, "बसा, चहा घ्या. गोष्ट मोठी आहे."



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.